सीट आणि कन्सोलच्या फटीत पडलेली आजीची कुडी कशी शोधावी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मला जे समजलं ते आधी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. सांगलीच्या लग्नाहून पुण्याला परतताना, कराड मागे पडल्यावर कान दुखायला लागला म्हणून तुम्ही आजीच्या मोत्याच्या कुड्या काढल्या. पर्समध्ये ठेवताना एक हातातून निसटली, ‘टिक्’ असा आवाज आला आणि ती तुमची सीट आणि मधला कन्सोल (पुढच्या दोन सीटमधला, गिअर-हँडब्रेकभोवतीचा प्लास्टिकचा भाग) यांच्या फटीत गेली. तुम्ही पुढे डावीकडे बसला होतात. फटीत हात घालून झाला, सीट मागे-पुढे करून झाली, तेव्हा कुठे अडकल्यासारखं वाटलं नाही, पण कुडी मिळाली नाही. आता एक जण सांगतो वॉशिंग सेंटरला नेऊन व्हॅक्यूम मारून घ्या, दुसरा सांगतो लोहचुंबक फिरवा. आणि तुम्ही विचारताय की सीट खोलावी लागेल का, आणि ती घरी खोलता येईल का.

मी बरीच वर्षं सीट कव्हर आणि गाडीच्या आतल्या कामाचं दुकान चालवतो. सीट, डोअर पॅड, कार्पेट, कन्सोल हे सगळं उघडणं-बसवणं माझं रोजचं काम आहे. अशा फटींतून अंगठ्या, पैंजणाचे घुंगरू, मंगळसूत्राची वाटी, बाळाच्या मनगट्यांतले मणी असं बरंच काही निघतं. त्यावरून सांगतो, पडलेली वस्तू सहसा पडते तिथेच किंवा वीतभर अंतरात असते. ती दूर जाते, मोडते किंवा कायमची हरवते ती नंतरच्या घाईच्या शोधात. म्हणून सीट खोलायची की नाही हे ठरवण्याआधी एक पक्कं करा: आजपासून गाडीत काहीही हलवायचं नाही, सीट सरकवायची नाही आणि शक्य असेल तर गाडी चालवायचीही नाही. घरी दुसरं वाहन असेल तर दोन दिवस तेच वापरा.

आधी मनातली भीती काढून टाका. गाडीच्या आतला पत्रा खालून बंद असतो. त्यात कारखान्यातली काही भोकं असतात, पण त्यांना रबरी बुचं बसवलेली असतात आणि वर जाड कार्पेट असतं. त्या फटीतून कुडी रस्त्यावर पडली असेल ही शक्यता मनातून काढून टाका. गाडीतून ती बाहेर जाण्याची वाट एकच, ती म्हणजे उघडलेलं दार. तुम्ही उतरलात तेव्हा ती पदरात, निऱ्यांत, पर्सच्या फाटलेल्या अस्तरात किंवा चपलेला अडकून बाहेर आली असेल तरच. म्हणून गाडीला हात लावण्याआधी त्या दिवशीची साडी पांढऱ्या चादरीवर उलगडून पाहा, पर्स उलटी करून अस्तराच्या शिवणीवरून बोट फिरवा. आवाज फटीतून आला हे खरं, पण चालत्या गाडीत आवाज कुठून आला हे कानाला नेमकं कळत नाही. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि ते आधी केलेलं बरं.

आता त्या ‘टिक्’बद्दल. शोधताना मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, आवाज कसा होता? कार्पेट आवाज गिळून टाकतं. कोरडा, एकच ‘टिक्’ असेल तर वस्तू कन्सोलच्या प्लास्टिकला लागली आणि मग कार्पेटवर मुकाट पडली. छोटा किणकिणाट झाला असेल, दोन-तीन ठोके ऐकू आले असतील, तर ती सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या लोखंडी रेलवर किंवा सीटला पत्र्याशी जोडणाऱ्या ब्रॅकेटवर आपटत गेली. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पहिली शक्यता जास्त वाटते, म्हणजे कुडी कन्सोलच्या कडेला, खाली कार्पेटवर असावी. आणि कुडी म्हणजे सुटा मणी नव्हे. मोत्यांचा गुच्छ आणि मागे दांडी असते, त्यामुळे ती घरंगळत लांब जात नाही, दांडीभोवती अर्धवट फिरून थांबते. कार्पेटच्या केसांत तर जागीच अडकते. पुढच्या प्रवासात ब्रेकच्या धक्क्यांनी सरकली असली तरी थोडीच सरकली असेल.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही. काढल्यावर फिरकी परत दांडीवर लावली होती का? नसेल तर तुम्हाला दोन वस्तू शोधायच्या आहेत, आणि फिरकी तर ज्वारीच्या दाण्याएवढी. ते लक्षात ठेवूनच पुढचं करा.

चुंबकाचं उत्तर सरळ आहे. सोनं आणि मोती चुंबकाला चिकटत नाहीत. चुंबकाला लागतील ते जुने स्क्रू आणि टाचण्या. धातूशोधक यंत्राचाही उपयोग नाही, कारण गाडीच मुळी पत्र्याची, ते सगळीकडेच वाजणार. वॉशिंग सेंटरला तर अजिबात नेऊ नका. तिथला व्हॅक्यूम मोठ्या ड्रमचा असतो, ओढ जोरदार असते, आणि ड्रममध्ये दिवसभरातल्या सगळ्या गाड्यांची धूळ, ओली माती आणि खडी असते. त्यात मोत्याचा दागिना गेला की मोती ओरखडतो आणि तारेतून सुटूही शकतो. (आधीच कुणी व्हॅक्यूम मारून आणलं असेल तर त्याच दिवशी जाऊन ड्रम रिकामा करायच्या आत पाहू द्या म्हणावं. माणसं ऐकतात, चांगली असतात.) हवेचा प्रेशर मारणं त्याहून वाईट, वस्तू कुठल्या कुठे उडते. स्प्रे, डॅशबोर्ड पॉलिश, शॅम्पू यातलंही काही त्या भागात मारू नका. मोती हा मुळात कॅल्शियम कार्बोनेटचा, नखाने नाही तरी वाळूच्या कणाने चरे पडतील इतका मऊ, आणि आम्लाने त्याची झळाळी जाते.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. गाडी सपाट जागी, सावलीत उभी करा. इंजिन बंद, चावी काढून घरात ठेवा. चारही दारं उघडा. दाराशी जमिनीवर पांढरी चादर पसरा, त्या बाजूने काही खाली पडलं तर चादरीवर दिसेल. मॅट झटकायची नाही. दोन्ही हातांनी आडवी, भरल्या ताटासारखी उचलून चादरीवर ठेवायची आणि तिथे तपासायची. तुमच्याकडे ती गुंडाळ्या-गुंडाळ्यांची नूडल मॅट असेल तर तिच्या आत बोटांनी चाचपून पाहा, तिच्यात छोटी वस्तू पूर्ण गडप होते. शिवलेली सेव्हन-डी मॅट असेल तर ती रेलच्या आणि कन्सोलच्या कडेपर्यंत गेलेली असते आणि तिची वर वळलेली कड व मूळ कार्पेट यांच्यामध्ये एक खोबण तयार होते. ती खोबण टॉर्चने पाहा. कंपनीच्या साध्या कार्पेटवर ही भानगड नसते.

मग सीट कव्हर. बाहेरून घातलेलं कव्हर असेल तर माझा पहिला संशय त्यावरच असतो. कव्हरची खाली लोंबणारी झालर सीटच्या कडेला दुमडलेली असते, आतून इलॅस्टिक आणि हुक असतात, आणि त्या दुमडीत नकळत एक खिसा तयार होतो. मागे एका काकूंच्या मंगळसूत्राची वाटी त्यांनी दोन ठिकाणी शोधून घेतली होती, सीटही काढून झाली होती. ती निघाली झालरीच्या घडीतून, सीटच्या खाली ती कधी पोचलीच नव्हती. झालर बाहेरून आत न दाबता खालच्या बाजूने तळहात लावून वर उचला आणि घडी तळहातावर उघडा. बसायचा भाग आणि पाठ यांच्यामधली फट पाहा, आणि पट्ट्याचं बकल जिथून वर येतं त्या भोकाच्या तळाशीही पाहा. तुमच्या सीटला ते बकल बरोबर त्याच फटीच्या बाजूला आहे.

यानंतर सीटखाली. इथे बहुतेक जण पुढून वाकून पाहतात. पुढून काहीच दिसत नाही. मागच्या सीटवर बसून, मान खाली घालून, पुढच्या सीटखाली मागून पाहा. टॉर्च वरून मारू नका, कार्पेटच्या पातळीवर आडवा ठेवा. आडव्या उजेडात छोट्या वस्तूची लांब सावली पडते आणि मोत्याचा पांढरेपणा काळ्या-करड्या कार्पेटवर उठून दिसतो. मान पोचत नसेल तर मोबाइलचा फ्लॅश लावून व्हिडिओ चालू करा आणि मोबाइल सीटखाली हळूहळू आत न्या, मग बाहेर काढून सावकाश बघा. ऑनलाइन मिळणारा, मोबाइलला जोडायचा वायरवाला छोटा कॅमेरा असेल तर उत्तमच, तो फटीत वरूनही सोडता येतो. बऱ्याच गाड्यांत मागच्या प्रवाशांच्या पायाशी हवा नेणाऱ्या एसीच्या नळीचं तोंड पुढच्या सीटखाली उघडतं. त्या तोंडात डोकावायला विसरू नका, आणि कुडी सापडेपर्यंत ब्लोअर लावू नका.

दिसली तर बोटं घालू नका. त्या फटीत बोट वस्तूला वर आणत नाही, खालीच ढकलतं. लाकडी पट्टीच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या टोकाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, ते टोक अलगद वस्तूवर टेकवा, क्षणभर दाबून सरळ वर उचला. लवचीक दांड्याचा छोटा पंजा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तोही चालेल, पण त्याच्या नखांना कापडी टेप गुंडाळा. नाहीतर मोत्यावर चरे येतील.

दिसली नाही तरच सीट हलवायची, आणि तीही एकट्याने नाही. एकाने रेलवर टॉर्च धरून नजर ठेवायची, दुसऱ्याने लिव्हर उचलून सीट एकेक खाच पुढे सरकवायची. रेलमध्ये ग्रीस असतं, छोटी वस्तू त्यात चिकटून बसते, आणि सीट सरकली की आतले दाते आणि रोलर तिच्यावरून जातात. मोत्याचा चुरा होतो तो इथे. किंचितही अडकल्यासारखं, करकर झाल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, सीट आहे तिथेच थांबवा. तुम्ही आधी एकदा सरकवली आहे आणि तसं काही जाणवलं नाही असं लिहिलंय, तेव्हा रेलमध्ये ती नसावी असं मला वाटतं.

सीट पुढे गेल्यावर मागच्या पायांचे बोल्ट दिसतील. तिथे कार्पेटला कापलेल्या चिरा असतात. वस्तू त्या चिरेतून कार्पेटखाली गेली असेल तर वरून दिसणार नाही, पण तळव्याने कार्पेट दाबत गेलात तर खड्यासारखी टोचते. घरचा व्हॅक्यूम वापरायचा तर तो आता, सगळ्यात शेवटी. नळीच्या तोंडावर जुन्या पातळ स्टॉकिंगचा दुहेरी थर रबरबँडने घट्ट बांधा, ओढ कमीत कमी ठेवा आणि जिथे नजर पोचत नाही अशाच जागी लावा. वस्तू कापडाला येऊन चिकटते, आत जात नाही. दर वेळी मशीन बंद करायच्या आधी तोंडाखाली हात धरा.

इथपर्यंतचं सगळं घरी करण्यासारखं आहे. साडी आणि पर्स, मॅट, कव्हरची झालर, बकलचं भोक, मागून सीटखाली, मग रेल, मग कार्पेटच्या चिरा, हा क्रम मोडू नका. बहुतेक वेळा वस्तू यातच मिळते.

नाहीच मिळाली तर दोन जागा उरतात आणि त्यांसाठी गाडी उघडावी लागते. पहिली कन्सोलच्या आत. हँडब्रेकच्या दांड्यासाठी कन्सोलला लांबट खाच असते, गिअरच्या कव्हरची कडही कधी सैल असते, तिथून वस्तू आत जाऊन मधल्या उंचवट्यावर पडते. कन्सोल काही स्क्रूंवर आणि क्लिपांवर बसलेला असतो, कप ठेवायच्या खळग्यातल्या रबराखाली आणि मागच्या टोकाशी ते स्क्रू लपलेले असतात. हे काम अनुभवी माणसाला अर्ध्या-पाऊण तासाचं. पण बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा मेंदू, म्हणजे धक्का ओळखणारं कंट्रोल युनिट, नेमकं त्याच उंचवट्यावर बसवलेलं असतं. चावी चालू असताना तिथे हातोडी-पेचकस आपटणं धोक्याचं आहे. म्हणून मी बॅटरीचा निगेटिव्ह (वजा खुणेच्या टोकाची वायर) काढल्याशिवाय कन्सोलला हात लावत नाही.

दुसरी जागा म्हणजे सीटचं ब्रॅकेट आणि कार्पेटचा खालचा भाग, त्यासाठी सीट मोकळी करावी लागते. तुम्ही विचारलंत की हे घरी जमेल का. पाना घेऊन चार बोल्ट काढणं कुणालाही जमेल, पण मी तुम्हाला ते करू नका असं सांगेन. तुमच्या सीटच्या पाठीवर, दाराच्या बाजूला, एअरबॅगची छोटी चिठ्ठी किंवा टॅग शिवलेला आहे का ते बघा. असेल तर त्या सीटमध्ये स्फोट होऊन उघडणारी पिशवी आहे आणि सीटखाली तिचा पिवळा कनेक्टर आहे. प्रवासी बसला की नाही हे ओळखणारी वायरही डाव्या सीटला बऱ्याचदा असते. योग्य पद्धत अशी की चावी बंद करायची, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, आणि आत साठलेला चार्ज उतरेपर्यंत थांबायचं. किती थांबायचं हे त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं असतं, काही मिनिटांचंच असतं, मी त्याहून जास्तच थांबतो. शक्य तिथे मी सीट पूर्ण बाहेर काढतच नाही. बोल्ट काढून, वायरी तशाच जोडलेल्या ठेवून, सीट मागे कलती करतो. तेवढ्यात खालचं सगळं दिसतं आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावावा लागत नाही. कनेक्टर सुटा असताना कुणी चावी फिरवली तर मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग तो स्कॅनर लावूनच घालवावा लागतो.

बोल्ट परत आवळणं हाही महत्त्वाचा भाग आहे. अपघातात माणसाला जागेवर धरून ठेवणारे हेच चार बोल्ट, आणि पुष्कळ गाड्यांत पट्ट्याचं बकलही सीटलाच जोडलेलं असतं. ते अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या मापाप्रमाणे आवळले गेले पाहिजेत. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर कार्पेट उचलायचं काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडेच द्या. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की तिथे हात लावायचा नाही.

मी इतकं खात्रीने लिहितोय, तरी काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत. काही गाड्यांत सीट आणि कन्सोलमध्ये बोटही जात नाही, काहींत मूठ जाते. काहींत कन्सोल तळापर्यंत बंद असतो, काहींत कडेने मोकळा. हँडब्रेक बटणाचा असेल आणि कन्सोलला दांड्याची खाच नसेल तर ती शक्यता आपोआप कमी होते. विजेवर सरकणारी सीट असेल तर खाली मोटर आणि वायरींचं जाळं असतं, तिथे पंजा घालणं टाळा आणि बटण दाबू नका.

गॅरेजमध्ये द्यायची वेळ आली तर गाडी सोडून येऊ नका, तिथे थांबा. कारागिराला तीन गोष्टी आधीच सांगा. काय शोधायचंय, म्हणजे दुसऱ्या कानातली कुडी बरोबर नेऊन दाखवा, नुसत्या वर्णनाने माणूस काहीतरी मोठं शोधत बसतो. फिरकी वेगळी असेल तर तेही सांगा. आणि सीट कलती करायच्या आधी खाली पांढरं कापड अंथरायला सांगा, कारण ब्रॅकेटच्या खाचेत अडकलेली वस्तू सीट उचलताना निसटून दुसरीकडेच पडते. घरी जायच्या आधी चावी लावून पाहा, एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. घड्याळ आणि एका दाबात वर जाणारी काच पुन्हा सेट करावी लागेल, ते बॅटरी काढल्यामुळे, त्यात बिघाड काही नाही.

कुडी मिळाली की आधी मोती मोजा, आणि जोडीतल्या दुसरीशी ताडून बघा. एखादा तारेतून सुटला असेल तर तो मात्र खरोखर घरंगळतो, त्याला रेलच्या पुढच्या टोकाशी आणि कार्पेटच्या उतारावर शोधा, गाडी अजून उघडी आहे तोवरच. ग्रीस लागलं असेल तर पेट्रोल किंवा थिनर लावू नका, मऊ कापड किंचित ओलं करून पुसा आणि बाकीचं सराफाकडे द्या. त्याला दांडीचे आटेही तपासायला सांगा. जुन्या कुड्यांचे आटे झिजलेले असतात, फिरकी लागल्यासारखी वाटते पण धरत नाही. आटे नवे करून मिळतात, मोत्यांना हात न लावता.

गाडीचं मॉडेल, साल, सीटवर तो टॅग आहे की नाही, आणि बाहेरचं कव्हर आहे का, एवढं लिहा. शक्य झालं तर मागच्या बाजूने सीटखाली काढलेला फोटोही टाका. तुमच्या गाडीत कन्सोलचे स्क्रू नेमके कुठे आहेत आणि फट खाली कुठे उघडते ते मी त्यावरून सांगू शकेन.